वंगण तेलाची निवड आणि ग्राहकाचा विवेक

मोटारीचे इंजिन ऑइल बदलण्यासाठी गॅरेजमध्ये गेलेल्या गृहस्थाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, साधे टाकू की सिंथेटिक?" प्रश्न चार शब्दांचा, पण तो ज्या स्वरात विचारला जातो त्यातच त्याचे उत्तर दडलेले असते. 'साधे' म्हणणाऱ्याला आपण पोटच्या पोराच्या औषधपाण्यात काटकसर करीत आहोत असे वाटू लागते. 'सिंथेटिक' म्हणणारा दुप्पट किंमत मोजूनही समाधानाने घरी परततो. हप्ते फेडून घेतलेली मोटार हे अनेक शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या संसारातील घरानंतरचे सर्वांत मोठे धन असते. त्यांच्यापुढे हा प्रश्न वर्षातून एकदा तरी उभा राहतो; म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

या दोन तेलांत भेद कोणता ते प्रथम पाहू. कोणतेही इंजिन ऑइल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रासायनिक द्रव्ये. साध्या प्रकारात मूळ तेल खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघते आणि त्यातील रेणू निरनिराळ्या घडणीचे असतात. सिंथेटिक प्रकारात ते रासायनिक प्रक्रियेने बरेचसे एकसारखे घडवलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाच्या टंचाईमुळे जर्मनीने कृत्रिम वंगणाचा मार्ग चोखाळला. पुढे जेट विमानांना अशा वंगणावाचून गत्यंतर उरले नाही. आणि १९७४ साली 'मोबिल १' अमेरिकेच्या बाजारात आल्यानंतर ते सामान्य मोटारधारकाच्या आटोक्यात येऊ लागले.

मात्र पुढे 'सिंथेटिक' या शब्दाचाच अर्थ सैल झाला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मूळ तेलांचे पाच गट पाडले आहेत. त्यांपैकी तिसऱ्या गटातील तेल खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळवतात. चौथ्या गटातील तेल मात्र लहान रेणू जोडून नव्याने घडवलेले असते. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे काय, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत वाद झाला आणि १९९९ साली तेथील जाहिरात-व्यवसायाच्या स्वनियमन यंत्रणेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तात्पर्य, डब्यावरील 'सिंथेटिक' हा शब्द एकाच विशिष्ट पदार्थाची ग्वाही देत नाही. कित्येकदा तो खनिज तेलाचेच अधिक संस्कारित रूप असतो.

याचा अर्थ सिंथेटिक तेल हे थोतांड आहे असा मुळीच नव्हे. ते उष्णतेत लवकर विघटित होत नाही, थंडीत लवकर गोठत नाही आणि इंजिनात गाळ कमी साचू देते. अमेरिकेतील 'ट्रिपल ए' या मोटारधारकांच्या संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ही तेले साध्या तेलांपेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी सरस ठरली. परंतु प्रयोगशाळा तेलाची क्षमता मोजते. आपल्या इंजिनाला त्या क्षमतेची गरज किती, हे ती सांगत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर वस्तूची एकूण उपयोगिता आणि वाढीव रुपयामागे मिळणारी सीमांत उपयोगिता या दोन भिन्न गोष्टी होत.

ती गरज कोणी ठरवावी? अर्थात इंजिन ज्याने घडविले त्याने. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत '५डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे आकडे असतात. त्यातील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो आणि नंतरचा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. ५डब्ल्यू तेलाची थंडीतील कसोटी उणे ३० अंशांना, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना घेतली जाते. निफाडच्या द्राक्षबागांत पारा शून्याजवळ उतरला तरी ही कसोटी आपल्याकडे लागणार नाही. तेव्हा थंडीचा लाभ आपल्याकडे मर्यादितच आहे. परंतु अलीकडच्या कित्येक इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० इतके पातळ तेल सांगितलेले असते, आणि एवढे पातळ तरीही टिकाऊ तेल साध्या खनिज तेलापासून बनवणे व्यवहारात शक्य नसते. अशा गाडीच्या मालकाला निवड उरतच नाही. तेथे पैसे वाचवणे म्हणजे इंजिनाशी वैर करणे होय. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाबाबतही पुस्तिका सांगेल तेच प्रमाण मानावे.

आकड्यांशेजारी पेट्रोलच्या गाड्यांसाठी 'एस' या अक्षराने सुरू होणारी श्रेणी असते : २०१० सालची 'एसएन', २०२० ची 'एसपी', २०२५ ची 'एसक्यू'. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितकी श्रेणी नवी. गॅरेजमधील फलकापेक्षा ही बारीक अक्षरे अधिक सत्य सांगतात.

खरा प्रश्न उरतो तो पुस्तिकेने दोन्ही तेलांना मुभा दिलेल्या जुन्या गाड्यांचा. तेथे साधे अंकगणित उपयोगी पडते. समजा, इंजिनात साडेतीन लिटर तेल मावते. साधे तेल लिटरला ३५० रुपये आणि सिंथेटिक ८०० रुपये आहे. गाडी वर्षाला ६ हजार किलोमीटर धावते आणि तेल वर्षातून एकदा बदलायचेच आहे. साध्या तेलाचा वार्षिक खर्च १,२२५ रुपये, सिंथेटिकचा २,८०० रुपये. म्हणजे किलोमीटरला सुमारे २० पैसे विरुद्ध ४७ पैसे. शाळा, बाजार आणि सुटीत गावी एक फेरी एवढ्याच धावेच्या गाडीसाठी हे वरचे १,५७५ रुपये कशासाठी दिले, याचे उत्तर देणे कठीण आहे.

आता दुसरे उदाहरण घेऊ. एखादा भाड्याची गाडी चालवतो. त्याच्या पुस्तिकेने साध्या तेलाला ७,५०० आणि सिंथेटिकला १५ हजार किलोमीटरची मुदत दिली आहे, आणि प्रत्येक बदलाला फिल्टर व मजुरीचे ६०० रुपये पडतात असे धरू. त्याला साधे तेल किलोमीटरला सुमारे २४ पैसे पडेल आणि सिंथेटिक २३ पैसे. शिवाय एक खाडा वाचेल तो वेगळाच. तेच तेल एका घरी उधळपट्टी ठरते आणि दुसऱ्या घरी काटकसर. मुदत वाढवण्याची मुभा मात्र पुस्तिकेने दिलेली असावी. डब्यावरच्या जाहिरातीने नव्हे.

एवढे सोपे गणित सुशिक्षित माणूस का मांडत नाही? अर्थशास्त्रज्ञांनी याचा विचार केला आहे. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ साली अशा वस्तू व सेवांचा एक वर्गच वेगळा काढला, ज्यांचा दर्जा ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी तर कळत नाहीच, पण वापरल्यानंतरही कळत नाही. वंगण तेल हे त्याचे उत्तम उदाहरण होय. इंजिन दहा वर्षे सुरळीत चालले तर ते तेलामुळे, वापरामुळे की मूळच्या घडणीमुळे, हे कोण सांगणार? अशा अंधारात ग्राहक किमतीलाच दर्जाची खूण मानतो. किमतीवरून गुणवत्ता जोखण्याच्या या सवयीकडे टिबोर सिटोव्हस्की यांनी १९४४ सालीच लक्ष वेधले होते. विक्रेत्याला ती सवय पुरती ठाऊक असते.

प्रस्तुत लेखक हे वर्गात शिकवतो. तरीही तो स्वतः या सवयीला बळी पडला, हे येथे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी जुनी गाडी घेतली आणि मोठ्या हौसेने तिच्यात सर्वांत महाग सिंथेटिक तेल भरले. एवढे उंची तेल घातल्यावर आणखी काय पाहायचे, या भावनेने वर्षभर बॉनेट उघडले नाही. इंजिन जुने, ते थोडे थोडे तेल जाळीत होते. साताऱ्याला एका लग्नाला जाताना खंबाटकी घाटात तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिनातून खडखडाट सुरू झाला. गाडी ओढून आणल्यावर मेस्त्रींनी तेलाची पट्टी ओढून मला दाखवली. ती कोरडी होती. "सर, तेल चांगलंच होतं, पण इंजिनात नव्हतं," एवढेच ते म्हणाले. दुरुस्तीचे बिल एका महिन्याच्या पगाराहून अधिक झाले. पंधरवड्यातून एकदा अर्धा मिनिट खर्च करून ती पट्टी पाहिली असती, तर साधे तेलही पुरले असते. महाग वस्तू विकत घेऊन मी काळजी घेण्याचे काम जणू तिच्यावर सोपवले होते. आणि काळजी ही डब्यात मिळत नाही.

याच्या उलट टोकाला, वारंवार तेल बदलणाऱ्यांचा भाबडेपणाही तपासून पाहावा. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सी प्रत्येकी ६० हजार मैल चालवून १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेल ३ हजार मैलांना बदला की ६ हजारांना, इंजिनांच्या झिजेत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. अर्थात टॅक्सीचे इंजिन दिवसभर तापलेले असते. दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीच्या तेलात पाण्याचा व इंधनाचा अंश साचत राहतो; म्हणून धाव कमी असली तरी वर्षाची मुदत चुकवू नये. शिवाय काढलेले तेल गटारात सोडू न देता ते अधिकृत संकलकाकडेच जाईल असे पाहावे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे.

शासनाकडे आणि उत्पादकांकडे एक मागणी मात्र रास्त ठरेल. मूळ तेल कोणत्या गटातील आणि किती प्रमाणात, हे डब्यावर स्पष्ट मराठीत छापले जावे. औषधाच्या बाटलीवर घटकद्रव्ये लिहिणे आपण आवश्यक मानतो. मग शेकडो रुपये लिटरच्या तेलाला ही सवलत कशासाठी? ग्राहक संघटनांनीही दुकानांतील तेलांचे नमुने तपासून निष्कर्ष जाहीर केले, तर किमतीऐवजी माहितीवर निर्णय घेता येईल.

तोवर "साधे की सिंथेटिक?" या प्रश्नाला ग्राहकाने प्रतिप्रश्नानेच उत्तर द्यावे : "पुस्तिकेत काय लिहिले आहे?" आणि मग स्वतः बॉनेट उघडून पट्टी पाहावी. हे दोन्ही उपाय फुकट आहेत, म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करीत नाही.