रिकाम्या फोटोंची किंमत

आपल्याकडे हल्ली बाल्कनीत कॅमेरा बसवायची टूम निघाली आहे. पाण्याचं भांडं, दाण्यांचा ट्रे आणि समोर काडेपेटीएवढा कॅमेरा. बुलबुल आला की फोनवर फोटो हजर. महागातलं मॉडेल असेल तर पक्ष्याचं नावसुद्धा तेच सांगतं. पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून असे फोटो मला इथे दम्मामला येतात आणि त्यामागोमाग प्रश्न येतो, "कुठला घेऊ रे?" माझ्या उत्तराने बहुतेकांची निराशा होते. मी म्हणतो, कुठलाही घे, पण रिकामे फोटो फेकू नकोस.

का ते सांगतो. त्यासाठी आधी थोडं यंत्राबद्दल. (इंजिनियर आहे, सवय जात नाही.)

असे बरेचसे कॅमेरे सतत बघत नसतात. बॅटरी वाचावी म्हणून ते झोपलेले असतात आणि उष्णता ओळखणारा एक सेन्सर त्यांना जागं करतो. जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा असतो ना, त्यातलाच हा प्रकार. त्याला पक्षी, मांजर, माणूस यातलं काही कळत नाही. समोर कुठेतरी उष्णता पटकन बदलली, एवढंच कळतं. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात भिंत थंडगार आणि पक्षी गरम, तेव्हा फरक ठळक असतो. इथे जुलैच्या दुपारी पारा ४५ च्या वर जातो. सावलीतली भिंतसुद्धा पक्ष्याच्या पिसांइतकीच तापलेली असते. भिंत आणि पक्षी यांच्यातला फरक पुसला गेला की सेन्सरच्या लेखी पक्षी आलेलाच नसतो. उलट गरम वाऱ्यावर डोलणारी खजुराची झावळी त्याला दहादा उठवते.

माझ्या अंगणात कडुनिंबाखाली मातीचं एक पसरट भांडं आहे. त्यावर मी मुद्दाम दोन कॅमेरे लावले. एक बाजारातला, सेन्सरने जागा होणारा. दुसरा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेला, दर मिनिटाला एक फोटो काढणारा, पक्षी असो वा नसो. पहाटे साडेचार ते संध्याकाळी साडेसहा, म्हणजे दिवसाला ८४० फोटो. त्यातले बहुतेक रिकामे. (बायकोच्या मते एकाच भांड्याच्या फोटोंचा हा जगातला सर्वांत मोठा संग्रह असावा.)

उन्हाळ्यात दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. पहिल्याकडे सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो होते, दुपारचं जवळजवळ काहीच नव्हतं. ते पाहून कोणीही म्हणेल, एवढ्या उन्हात कोण येतंय पाण्यावर! दुसरा मात्र सांगत होता की पांढऱ्या गालांचे बुलबुल, होले आणि साळुंक्या भर दुपारीच भांड्याशी जास्त वेळ काढतात. फरक साधा नाही. पहिल्याचं ऐकलं तर सकाळी भांडं भरून कामावर जायचं आणि दुपारी ते कोरडं. दुसऱ्याचं ऐकलं म्हणून आता भांड्यावर थेंब थेंब ठिबकणारं मडकं टांगलं आहे.

तर मुद्दा असा. कॅमेऱ्याला दिसलं नाही म्हणजे तिथे नव्हतं, असं नाही. आणि कॅमेऱ्याला आज दिसलं म्हणजे ते आजच आलं, असंही नाही. अंगणातल्या पक्ष्यांच्या बाबतीत हा घोटाळा झाला तर फार तर भांडं कोरडं राहतं. आपल्याकडे तोच घोटाळा बिबट्याच्या बाबतीत होतो, आणि तिथे जीव पणाला लागतात.

कॅमेऱ्याचा चांगला उपयोग कसा होतो, हे बघायला परदेशात जायची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांमधून, वाटांवरून असे कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. त्यामुळे तोच पुन्हा आला की नवा आला, हे फोटोवरून कळतं. कोण किती वेळा आणि किती रात्रींत दिसला, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. हे गणित रिकाम्या रात्री मोजल्याशिवाय होत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं राहतात अशा या शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस नांदत होते. माणसांवरचे हल्ले मात्र क्वचित होते. बिबट्या उसात 'घुसला' नव्हता. तो तिथलाच रहिवासी होता.

आता याच यंत्राचा दुसरा उपयोग बघा. सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात रात्री दोन वाजता बिबट्या जाताना दिसतो. आठ सेकंदांची क्लिप सकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर तालुकाभर फिरते. 'बिबट्या आला', पिंजरा लावा, उचला, लांब सोडा. क्लिपमध्ये मागच्या तीनशे रात्री नसतात. तो कदाचित रोज जात असेल, कदाचित कालच कॅमेरा बसला असेल. बरं, उचलून लांब सोडल्याने प्रश्न सुटतो का? जुन्नर भागात २००० नंतरच्या काळात हे करून झालं आहे. त्यावरचा २०११ सालचा अभ्यास सांगतो की अशा स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले वाढले.

दम्माममध्ये एसीत बसून हे लिहिणं सोपं आहे, याची जाणीव आहे. २०२५ साली शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. ज्याचं मूल शेताच्या बांधावर खेळतं, त्याला धीर धरा असं सांगायचा मला अधिकार नाही. पण अशा वेळी तर नोंद जास्तच हवी. नेमका कोणता बिबट्या, कुठल्या वाटेने, किती वाजता, हे ठाऊक असेल तर योग्य जनावर पकडलं जाईल. नाहीतर भलताच पिंजऱ्यात जातो आणि गाव निर्धास्त होतं. हे सर्वांत धोक्याचं.

असो. कॅमेरा घेणार असाल तर चार गोष्टी करा. एकाच जागी, एकाच उंचीवर महिनोन्महिने ठेवा. तारीख-वेळ बरोबर लावा. काहीच दिसलं नाही तो दिवसही वहीत लिहा. आणि घरट्यावर रोखू नका, तुमच्या जाण्या-येण्यावर कावळ्याचं लक्ष असतं. शेजाऱ्याच्या खिडकीवर तर नकोच. इथे सौदीत २००७ च्या कायद्याने कॅमेरा असलेल्या फोनचा वापर करून दुसऱ्याच्या खासगीपणात डोकावणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आपल्याकडे निदान शेजारधर्म म्हणून तरी पाळा.

एक सुंदर फोटो मित्रांना पाठवायला ठीक आहे. पण आपल्या अंगणात किंवा आपल्या गावात कोण राहतं, हे त्या एका फोटोवरून ठरवू नका. ते बाकीच्या आठशे फोटोंना विचारा.