खोडलेली नोंदही दिसली पाहिजे

कीर्दीत चूक झाली तर मुरलेला मुनीम खाडाखोड करत नाही. चुकीची नोंद तशीच ठेवून उलट नोंद करतो. डेटाबेसमधली 'अपडेट' ही आज्ञा मात्र जुना आकडा पुसून नवा लिहिते. म्हणून काय होते, काय झाले, कधी आणि कोणी केले, हे वेगळ्या तक्त्यात जपावे लागते. हाच ऑडिट ट्रेल.

पण नुसता तक्ता पुरत नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसची 'होरायझन' प्रणाली आठवा. १९९९ पासून तिने दाखवलेल्या तुटीवरून शेकडो सब-पोस्टमास्तर चोर ठरले. त्यांत भारतीय वंशाचेही होते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रणालीत दोष होते, आणि फुजित्सूचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते, त्याही शाखेतूनच झाल्यासारख्या दिसतील अशा.

म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींचा. नोंदीवर खऱ्या हाताचेच नाव हवे. ती प्रशासकालाही पुसता येऊ नये. आणि ज्याच्यावर ठपका ठेवायचा, त्याला ती वाचता यावी. वही आरोप करणाऱ्याच्याच कपाटात राहिली, तर निर्दोष माणसाने दाद मागायची कशाच्या बळावर?