प्रिंटर घराचा, एका कॉम्प्युटरचा नव्हे

घरातला प्रिंटर एका लॅपटॉपवरून छापतो आणि दुसऱ्यावरून छापत नाही, तेव्हा पहिला आळ येतो तो वायफायवर. राउटर बंद-चालू होतो, प्रिंटर बंद-चालू होतो, मग शेजारच्या मुलाला हाक जाते. शेवटी फाइल पेनड्राइव्हवर घालून पहिल्या लॅपटॉपकडे नेली जाते, नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली जाते. आधार कार्ड, बँकेचं स्टेटमेंट, मुलीचं हॉल तिकीट, सगळं परक्या माणसाच्या फोनमध्ये जाऊन बसतं आणि हजारो रुपयांचा प्रिंटर घरात नुसता उभा राहतो. हे बदलता येतं. त्यासाठी वायफायवरचा राग आधी सोडायला हवा. बहुतेक घरांत खरी अडचण वेगळीच असते: प्रिंटर एका कॉम्प्युटरच्या मालकीचा करून ठेवलेला असतो.

एक प्रिंटर अनेकांनी वापरायचा, ही काही अलीकडची हौस नाही. कॉम्प्युटरचं स्थानिक जाळं उभं राहिलं तेच बऱ्याच अंशी त्यासाठी. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर तयार केला. आकार आणि खर्च दोन्ही पाहता तो एकेकाच्या टेबलावर ठेवण्याजोगा नव्हता. केंद्रातल्या सगळ्या 'आल्टो' कॉम्प्युटरना त्या एका यंत्रापर्यंत पोहोचता यावं, ही बॉब मेटकाफ यांनी १९७३ साली मांडलेल्या इथरनेट या जाळ्यामागची एक मोठी गरज होती. पुढे १९८५ मध्ये अॅपलने लेझररायटर बाजारात आणला, किंमत ६,९९५ डॉलर. एका मॅकिंटॉशसाठी एवढे पैसे कोण घालणार? म्हणून तो अॅपलटॉकच्या जाळ्यावर बसवला गेला आणि ऑफिसातले सगळे मॅक त्यावर छापू लागले. दोन्ही ठिकाणी प्रिंटर हा जाळ्याचा स्वतंत्र सदस्य होता. नंतर प्रिंटर स्वस्त झाले, घराघरांत आले, यूएसबीची वायर आली आणि प्रिंटर एका कॉम्प्युटरला बांधला गेला.

भारतात ही गाठ फारच पक्की बसली. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे दोन प्रिंटर वकिलांच्या कचेऱ्यांपासून सोसायट्यांच्या ऑफिसांपर्यंत आणि तिथून घरांपर्यंत पोहोचले. दणकट यंत्रं, टोनर स्वस्तात भरून मिळतो, बिघाड झाला तर दुरुस्त करणारा जवळपास सापडतो. त्यांची लोकप्रियता त्यांनी कमावलेली आहे. पण दोघांनाही फक्त यूएसबी कळते, जाळं कळत नाही. १०२० तर स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअरही जवळ बाळगत नाही. चालू केला की दर वेळी ते कॉम्प्युटरकडून उतरवून घेतो. मधला कॉम्प्युटर काढला तर त्याला काहीच करता येत नाही.

असा प्रिंटर घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपला वापरू द्यायचा, तर विंडोजमध्ये तो 'शेअर' करावा लागतो. मग ज्या कॉम्प्युटरला तो जोडलेला आहे तो चालू हवा, झोपलेला नको. दोन्हीकडे घरचं वायफाय 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलेलं हवं, कारण 'पब्लिक' म्हटलं की विंडोज शेअरिंगचे दरवाजे लावून घेते. इथे अनेकांची फसगत होते. इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला की विंडोजच्या लेखी ते नवं, अनोळखी जाळं असतं. वर्षानुवर्षं चाललेला प्रिंटर त्या दिवशी गायब होतो आणि कुणी काहीही बदललेलं नसल्याची घरातले शपथ घेतात. पुढचा अडसर पासवर्डचा. रोज कॉम्प्युटर उघडताना टाकतो तो चार-सहा आकडी पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत यायला खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. तो पिनच्या सवयीत केव्हाच विसरलेला असतो. यातली कोणतीही कडी तुटली तरी दुसऱ्या लॅपटॉपवर संदेश जवळपास एकच येतो: प्रिंटरशी जोडता आलं नाही. कुठली कडी तुटली, हे त्यात नसतं.

हे सोपं करण्याचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर मायक्रोसॉफ्टने 'होमग्रुप' आणला. एक पासवर्ड सगळ्या कॉम्प्युटरवर टाकला की फाइली आणि प्रिंटर सामायिक. २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. घरगुती माणसासाठी बनवलेली एकमेव वाट बंद झाली आणि जी उरली ती ऑफिसमधल्या तंत्रज्ञासाठी आखलेली होती. हा निर्णय चुकीचा होता.

दुसरीकडे सुरक्षेचे प्रश्न खरेच गंभीर होत गेले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले. विंडोजच्या जुन्या शेअरिंग पद्धतीतली, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली त्रुटी त्याने वापरली होती. त्याच वर्षाअखेरच्या विंडोज १० पासून नव्याने विंडोज टाकताना ही आवृत्ती गाळली जाऊ लागली. ज्या घरांत प्रिंटर अजून विंडोज एक्सपीच्या डबड्याला जोडलेला होता, तिथलं शेअरिंग त्यामुळे संपलं. जून २०२१ च्या अखेरीस 'प्रिंटनाइटमेअर' उघड झालं. विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणारी जी प्रिंट स्पूलर सेवा आहे, तिच्यातून हल्लेखोराला कॉम्प्युटरचा संपूर्ण ताबा मिळू शकत होता. मायक्रोसॉफ्टला जुलैत तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारं सॉफ्टवेअर, टाकायला अॅडमिनचे अधिकार सक्तीचे झाले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर तर असंख्य कॉम्प्युटरवर '११बी'ने संपणारा एरर कोड झळकू लागला आणि शेअर केलेले प्रिंटर बंद पडले.

त्या एररवर इंटरनेटभर एक उपाय फिरला: रजिस्ट्रीत एक नोंद घालायची आणि नवी सुरक्षा तपासणीच बंद करायची. आजही घरी येणारे कितीतरी दुरुस्तीवाले तेच करतात, फायरवॉलही बंद करून जातात. प्रिंट निघते, पैसे घेतले जातात, आणि त्या कॉम्प्युटरचं कुलूप काढून ठेवलंय हे घरच्यांना कुणी सांगत नाही. त्याच कॉम्प्युटरवर आई-वडिलांचं नेट बँकिंग चालतं. हा प्रकार थांबायला हवा. दोन्ही कॉम्प्युटरवर अपडेट पूर्ण करून घेणं हा त्या एररवरचा सरळ उपाय होता, पण त्याला तासभर लागतो आणि नोंद घालायला मिनिट पुरतं.

मग करायचं काय? प्रिंटरमध्ये वायफाय असेल तर त्याला कॉम्प्युटरच्या मार्फत शेअर करणं सोडून द्यावं आणि थेट राउटरला जोडावं. आश्चर्य वाटेल इतक्या घरांत वायफाय असलेला प्रिंटर यूएसबीनेच चालवला जातो, कारण तो बसवणाऱ्याने वायर लावली, एक पान छापून दाखवलं आणि तो निघून गेला. काही घरांत तो वायफायवर असतो, पण घरच्या वायफायवर नसतो. 'वायफाय डायरेक्ट'मध्ये प्रिंटर स्वतःचं वेगळं वायफाय तयार करतो; लॅपटॉप त्याला जोडला की छपाई होते, पण बाकीची घरातली उपकरणं बाहेरच राहतात.

बिघाड शोधायचा तर सुरुवात प्रिंटरपासून करावी, कॉम्प्युटरपासून नको. वायफाय असलेल्या बहुतेक प्रिंटरमध्ये जाळ्याची माहिती देणारं पान छापायची सोय असते. त्यावर आयपी अॅड्रेस असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३. हा आकडा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये, वेबसाइटचं नाव टाकतात तिथे टाकावा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं तर वायफाय, राउटर आणि प्रिंटर तिन्ही ठीक आहेत. दोष त्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शोधायचा. पान उघडलं नाही, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. अर्ध्या मिनिटाच्या या चाचणीने निम्मी धावपळ वाचते, आणि तरी ती कोणत्याही प्रिंटरच्या खोक्यावर लिहिलेली दिसत नाही.

पान न उघडण्याचं आपल्याकडचं एक ठरावीक कारण म्हणजे दोन राउटर. फायबर कंपनीच्या डब्यात वायफाय असतंच. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून घरचे दुसरा राउटर आणून त्याला जोडतात. दुसरा राउटर आपलं वेगळं जाळं मांडतो. एकीकडचे अॅड्रेस १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसरीकडचे १९२.१६८.० ने. आतल्या जाळ्यातला प्रिंटर मग बाहेरच्या लॅपटॉपला सापडत नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' मोड निवडला की दोन्हींचं एकच जाळं होतं. 'गेस्ट' वायफायवरही असंच घडतं, कारण पाहुण्यांची उपकरणं घरच्या उपकरणांपासून वेगळी ठेवणं हेच त्याचं काम. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणि प्रिंटर २.४ वर असणं मात्र सहसा अडचणीचं नसतं. स्वस्त प्रिंटरना बहुधा २.४ च कळतं, म्हणून पहिल्या जोडणीपुरती काळजी घ्यावी लागते. पुढे राउटर दोघांची गाठ घालून देतो.

पान उघडतं, तरी विंडोज 'ऑफलाइन' म्हणते, याचं कारण बहुधा बदललेला अॅड्रेस. राउटर प्रत्येक उपकरणाला अॅड्रेस तात्पुरता देतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला की प्रिंटरला नवा अॅड्रेस मिळू शकतो, आणि लॅपटॉप जुन्याच ठिकाणी पानं पाठवत राहतो. आठवड्यातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात प्रिंटर 'मनात येईल तेव्हा चालतो' अशी तक्रार असते, ती यामुळेच. राउटरमध्ये 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' करून प्रिंटरचा अॅड्रेस कायमचा बांधून ठेवावा आणि लॅपटॉपवर त्याच अॅड्रेसने प्रिंटर नव्याने जोडावा. पुण्या-मुंबईत घरून काम करणाऱ्यांची वेगळी अडचण असते. कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू केलं की अनेकदा सगळी वाहतूक कंपनीकडे वळते आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर दिसेनासा होतो. व्हीपीएन तोडून पाहिलं की कारण कळतं. कंपनीने तशी बंदीच घातली असेल तर ती पाळावी.

खरा प्रश्न मात्र दुरुस्तीच्या आधी, खरेदीच्या वेळी सुटायला हवा. कुठल्याही कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय छपाई व्हावी यासाठी आयपीपी ही सामायिक पद्धत १९९९ पासून आहे. २०१० मध्ये अॅपलने तिच्याच आधारावर एअरप्रिंट आणलं. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी त्याच हेतूने २०१३ मध्ये मोप्रिया अलायन्स स्थापन केली. आयपीपीत कागदाचा आकार, रंग, दोन्ही बाजूंची छपाई यांबद्दल प्रिंटर स्वतःच सांगतो आणि फोन असो, मॅक असो वा लिनक्स, सगळे त्याच्याशी एकाच भाषेत बोलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे ड्रायव्हर पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवण्याचं जाहीर केलं. जग ज्या दिशेला चाललंय ती स्पष्ट आहे. आणि तरी आपल्या दुकानांत यूएसबीवालं मॉडेल थोडं स्वस्त म्हणून पुढे केलं जातं, फरक कुणी समजावून सांगत नाही. 'घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपवरून थेट छपाई होते की नाही' हे वाक्य खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत असलं पाहिजे. इंटरनेट कंपन्यांनीही राउटरचा अॅडमिन पासवर्ड ग्राहकाच्या हातात दिला पाहिजे. तो नसेल तर वर सांगितलेलं अॅड्रेस रिझर्व्हेशन होणारच नाही.

जुने प्रिंटर फेकून द्यायची गरज नाही. बाजूला पडलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून, त्यावरच्या 'कप्स' या मुक्त प्रणालीने १०२० सारखा प्रिंटर जाळ्यावर आणता येतो आणि मग तो फोनलाही दिसतो. राउटरच्या यूएसबीला तो लावून मात्र बहुधा निराशा येते, कारण फर्मवेअर पाठवणारं तिथे कुणी नसतं. ज्यांचे ड्रायव्हर कंपनीने कुलुपात ठेवलेत अशा प्रिंटरसाठी कप्सचाही इलाज तोकडा पडतो. एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८० च्या सुमारास हाच अनुभव घेतला होता. जाळ्यावरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा अशी सुधारणा त्यांना करायची होती. झेरॉक्सच्या नव्या प्रिंटरचा सोर्स कोड त्यांना नाकारला गेला. मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या त्यांच्या १९८३ च्या जीएनू प्रकल्पामागे जे अनुभव होते, त्यांतला हा एक.

प्रिंटर जाळ्यावर आणताना एक खबरदारी हवीच. छपाईसाठी वापरलं जाणारं ९१०० क्रमांकाचं पोर्ट पासवर्ड विचारत नाही. घरात ते चालतं, इंटरनेटवर नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने असे उघडे सापडलेले प्रिंटर गाठून एका यूट्यूब चॅनेलचा प्रचार छापला. त्याच्या दाव्यानुसार ते सुमारे ५०,००० होते. घराबाहेरून छपाई करता यावी म्हणून राउटरमध्ये हे पोर्ट बाहेर उघडू नये, आणि प्रिंटरच्या त्या ब्राउझरमधल्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलून घ्यावा. कित्येक मॉडेलमध्ये तो मागच्या स्टिकरवर छापलेला असतो.