दहानंतरचा गोंगाट

बुऱ्हाणपूरहून रात्री मुंबईची गाडी धरणारे बहुतेक लोक कामाने निघालेले असतात. कुणाला सकाळी परळच्या टाटा रुग्णालयात रांगेत उभं राहायचं असतं, कुणाला लूमच्या मालाचे अडकलेले पैसे मागायला व्यापाऱ्याकडे जायचं असतं. पाचशे किलोमीटरच्या या वाटेत त्यांना चार-पाच तासांची झोप हवी असते. ती झोप डब्यातले चौघे जण हिसकावून घेतात. दिवा जळता, पत्त्यांचा डाव रंगलेला, एकाच्या मोबाइलवर पूर्ण आवाजात रील्स. कुणी हटकलंच तर ठरलेलं उत्तर, “थोडा एडजस्ट कर लो, भाईसाब.”

का करायचं? तान्हं मूल रडतं, म्हातारा रात्रभर खोकतो. त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, त्यांचा इलाज नसतो. पण ज्याच्या खिशात इयरफोन आहे आणि टीसी दिसताच ज्याचा आवाज आपोआप खाली येतो, त्याला अडाणी म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. तो निव्वळ मुजोर आहे. तिकीट त्यानेही काढलंय, कबूल. त्या पैशांत त्याला एक बर्थ मिळाला, डबा नाही.

नियम नाहीत असंही नाही. रात्री दहानंतर नाइट लाइटखेरीज दिवे बंद, मोठ्याने गाणी नाहीत, फोनवर आरडाओरडा नाही, टोळक्याच्या गप्पा नाहीत, हे रेल्वेने जानेवारी २०२२ मध्येच बजावलं आहे. १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४५ तर उपद्रव देणाऱ्याला गाडीतून उतरवण्याची मुभा देतं. मग दहाच्या ठोक्याला डब्यातून एक फेरी मारून दिवे बंद करायला लावणं हे कर्मचाऱ्यांचं रोजचं काम का असू नये? आजारी माणसाने मध्यरात्री रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन लावायचा, पीएनआर सांगायचा, आणि मग त्याच टोळक्यासमोर सकाळपर्यंत एकट्याने पडून राहायचं, ही कुठली सोय?

माझा खरा राग मात्र उरलेल्यांवर आहे. सत्तर-ऐंशी बर्थच्या डब्यात चौघांचं चालतं, कारण बाकीचे जागे असूनही चादर तोंडावर ओढून घेतात. एखादी बाई धीर करून “भैया, आवाज कम करो” म्हणते, तेव्हा समोरच्या बर्थवरून, वरून, साइडवरून लगेच दुसरा, तिसरा, चौथा आवाज उठला पाहिजे. ती उलट उत्तर ऐकून गप्प बसायच्या आत.