काचेवरचे हिम आणि रत्नागिरीचा परवाना

महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी उभ्या केलेल्या मोटारींच्या टपांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर साचल्याचे छायाचित्र डिसेंबर-जानेवारीत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, की त्यापाठोपाठ एक वादही ठरल्यासारखा उद्भवतो. वेधशाळेच्या दप्तरी पारा शून्याच्या पुष्कळ वर नोंदलेला असता तेथे हिमकण आले कोठून, असे एक पक्ष विचारतो. आणि डोळ्यांनी पाहिले ते खोटे कसे म्हणावे, असे दुसरा पक्ष त्यास बजावतो. वस्तुतः दोन्ही पक्षांची साक्ष खरी आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत राहून हवेचे तापमान मोजीत असतो. मोटारीचा टप आणि तिची समोरची काच मात्र निरभ्र रात्री उघड्या आकाशाला सामोऱ्या राहून आपली उष्णता अखंड उत्सर्जित करीत असतात, आणि वारा पडलेला असून तलावाच्या खोलगट भागात थंड हवा साचलेली असली, म्हणजे त्या भोवतालच्या हवेपेक्षाही कित्येक अंशांनी अधिक निवतात. काच शून्याखाली गेली, की तिला लागून असलेले बाष्प पाणी होण्याची पायरीसुद्धा वगळून स्फटिकरूप धारण करते.

वेण्णाकाठी हे प्रकरण सूर्योदयानंतर आपोआप निकालात निघते, आणि म्हणूनच ते आपल्याकडे कौतुकाचा विषय होऊन राहिले आहे. परंतु ऑक्टोबर 2020 मध्ये रोहतांगच्या पोटातून सुमारे 9 किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला, आणि जो लाहूलचा मुलूख हिवाळ्यात जगापासून महिनोन्‌महिने तुटलेला असे, त्याच्या वेशीपर्यंत पुणे-ठाण्याच्या पाट्या लावलेल्या गाड्या भर जानेवारीत जाऊ लागल्या. समुद्रसपाटीजवळ आयुष्य घालविलेला चालक आता तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरील सिस्सूला पोहोचतो, आणि पहाटे गाडीपाशी येतो तो समोरची काच पांढऱ्या भिंतीसारखी झालेली पाहण्यासाठी. त्याच्या खिशातला परवाना रत्नागिरीच्या कचेरीत मिळालेला असला, तरी 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये तो द्रासच्या रस्त्यावरही तितकाच ग्राह्य असतो. मैदानावर इंग्रजी आठाचा आकडा बिनचूक गिरविणाऱ्यास हिमाच्छादित काचेचे काय करावे हे ठाऊक आहे की नाही, याची खातरजमा कोण करतो, असा माझा प्रश्न आहे. कारण अशा वेळी बहुसंख्य लोक जे करतात ते केवळ अज्ञानाचे नव्हे, तर दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्याचे कृत्य होय.

ते करतात ते असे. चालकाच्या डोळ्यांसमोर वितभर भोक पडेल एवढीच काच नखाने किंवा बँकेच्या कार्डाने खरवडायची, आणि बाकीची वाटेत आपोआप वितळेल या भरवशावर गाडी हाकायची. या भोकातून समोरचा ट्रक दिसतो हे खरे. डाव्या बाजूने रस्ता ओलांडणारी, पाठीवर गवताचा भारा घेतलेली बाई दिसत नाही. त्यातच उगवत्या सूर्याचे किरण तिरपे येऊन उरलेल्या हिमावर पडले, की ते भोकही आंधळे होते. गाडीत किती धूर आहे, चाकांत किती हवा आहे, या गोष्टी मालकाच्या वैयक्तिक कारभारात मोडतात असे एखादा म्हणेलही. पण काचेतून काय दिसते, हा मालकाचा खासगी प्रश्न खचितच नव्हे.

काही महाभाग घाईने चहाच्या किटलीतले उकळते पाणी काचेवर ओततात. काच उष्णतेची मंदवाहक असल्याने तिचा बाहेरचा भाग क्षणात प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो, आणि घाटात उडालेल्या खडीने पडलेला एखादा बारीक टवका असला, तर तेथून तडा सरसर धावत जातो. दोन काचांमध्ये प्लास्टिकचे पटल दाबून केलेली ही काच तुकडे होऊन अंगावर पडत नाही, एवढेच समाधान. नवी बसविण्याचा खर्च मात्र चुकत नाही. शिवाय ओतलेले पाणी दुसऱ्याच मिनिटाला अधिक कठीण कवच होऊन गोठते, ते निराळेच. व्हिनेगर शिंपडून ठेवण्याचा घरगुती उपायही अनेकांच्या तोंडी असतो. बाजारी व्हिनेगरात आम्लाचे प्रमाण पाचेक टक्के असल्याने त्याचा गोठणबिंदू जेमतेम दीड-दोन अंशांनी उतरतो, तेव्हा लाहूलच्या थंडीपुढे त्याचा काय निभाव लागणार! दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी यांचे मिश्रण मात्र शून्याखाली पंधरा-वीस अंशांतही पातळ राहते. ते फवारून दोन मिनिटे थांबले आणि प्लास्टिकच्या खरवडणीने काच साफ केली, म्हणजे काम होते. खरवडण्याचा आग्रह एवढ्यासाठी, की एक ग्रॅम बर्फ नुसते वितळविण्यास 80 कॅलरी उष्णता लागते, म्हणजे तेवढेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापविण्याइतकी. मनगटाचे बळ हे काम त्याहून पुष्कळ स्वस्तात उरकते.

इंजिन अर्धा तास चालू ठेवून आपण उबदार खोलीत बसण्याची जी तिसरी तऱ्हा, तिच्याविषयी जर्मनांचे मत आपण लक्षात घ्यावे. त्यांच्या वाहतूक नियमावलीने उभ्या गाडीचे इंजिन निष्कारण चालू ठेवण्यास मनाई केली असून, काच तापविण्याची सबब तेथे दंड चुकवू शकत नाही. थंड इंजिन जागच्या जागी फिरत असता उष्णता फार थोडी देते आणि धूर फार करते, हे त्यामागचे साधे कारण. आणि धुराड्याचे तोंड हिमात बुजलेले असले, तर प्रसंग मृत्यूवर बेततो: जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांतून वीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील कित्येकांचा बळी कार्बन मोनॉक्साइडने घेतल्याचे त्या वेळी सांगितले गेले.

यांतील बहुतेक उठाठेव आदल्या संध्याकाळच्या पाच मिनिटांत टळते. काच आकाशापासून झाकली, की तिची उष्णता जात नाही. त्यासाठी ताडपत्री किंवा जाड पुठ्ठा पुरतो, फक्त तो कोरडा असावा, नाहीतर सकाळी तोच काचेला चिकटून बसतो. वायपर उभे करून ठेवावेत, गाडीचे तोंड शक्यतो पूर्वेस असावे, आणि काच धुण्याच्या टाकीत मुंबईहून आणलेले साधे पाणी न ठेवता हिवाळी द्रव भरावा. आतून धुके धरत असेल, तर बाहेरची हवा घेऊन वातानुकूलन चालू करावे. हिवाळ्यात एसी कशाला, असे म्हणणाऱ्यास ते हवा कोरडी करते, हे सांगावे लागते.

वायपरचा उगमही अशाच एका दिवसाशी निगडित असल्याचे सांगतात. अलाबामातील मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक हिमपावसात खिडकी उघडून कुडकुडत गाडी हाकताना पाहिला, आणि आतून दांडीने फिरविण्याच्या पुसणीचे एकस्व 1903 मध्ये मिळविले. मात्र त्या काळच्या व्यापाऱ्यांना त्यात फायदा दिसला नाही, आणि बाईंच्या पदरी त्याचे मोल काही पडले नाही. पुढे 1985 मध्ये फोर्डने युरोपात काचेतच केसाहून बारीक तारा बसवून ती विजेने तापविण्याची योजना आणली, आणि ब्रिटनमध्ये ती आता साध्या गाड्यांतूनही आढळते. तरीही तेथील महामार्ग संहितेने नियम 229 अन्वये माणसावरच जबाबदारी ठेवली आहे: निघण्यापूर्वी सर्व काचांवरील हिम काढावे, दिवे व क्रमांकाच्या पाट्या स्वच्छ कराव्यात, आणि टपावरून दुसऱ्यावर घसरेल असे हिमही झाडावे.

आपल्याकडे काचेच्या पारदर्शकतेविषयी कायदा मुळीच बेफिकीर नाही. समोरच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आलाच पाहिजे, असे मोटार वाहन नियमांत आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर तर पोलिसांनी चौकाचौकांत ती उपटून काढण्याचा धडाका लावला होता. मग जी काच हिमाने जवळजवळ पूर्ण अपारदर्शक झाली आहे, ती घेऊन सिस्सूहून निघालेल्या गाडीस बोगद्याच्या तोंडाशी कोणी थांबवावे, ही अपेक्षा अवाजवी का मानावी? माझी तजवीज एवढीच, की हिवाळ्यात बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी बंदोबस्तावर असलेल्या शिपायांनी काच पूर्ण साफ असल्याखेरीज गाडी पुढे सोडू नये, आणि पर्यटकांस मोटारी भाड्याने देणाऱ्यांवर प्रत्येक गाडीत एक खरवडणी ठेवण्याची सक्ती असावी. कोणी हुज्जत घातलीच, तर काळ्या फिल्मच्या वेळचे 70 टक्क्यांचे यंत्र आणून त्याच्या वितभर भोकाच्या शेजारी लावावे, यास माझी आगाऊ संमती आहे.