गार्ड वाकलं पाहिजे

मागच्या महिन्यात गुहागरच्या अलीकडे, चिरेखाणीकडे जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर आमच्या ग्रुपमधल्या दोन गाड्या पडल्या. त्यातली एक माझी. दोन्ही जवळजवळ उभ्या-उभ्याच पडल्या. वेग विचाराल तर बैलगाडीनेही हसावं इतका. यू-टर्न मारताना जांभ्याच्या बारीक खडीवर पुढचं चाक सटकलं, पाय टेकवायला गेलो तर खाली रस्ताच नाही, उतार! धप्प. मागून येणाऱ्या मित्राने मला बघून पुढचा ब्रेक दाबला, आणि तोही त्याच बाजूला आडवा.

माझी हिमालयन, जुनी 411. तिला साधं, पातळ नळीचं गार्ड. ते आत वाकलं. चिपळूणमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्याने लांब पाइप अडकवून, वर दोन हातोडे घालून ते सरळ केलं आणि दोनशे रुपये घेतले. मित्राच्या गार्डला मात्र ओरखड्यापलीकडे काही नाही. जाडजूड पाइप, काळं पावडर कोटिंग, "सर, ट्रक गेला तरी वाकणार नाही" असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलेलं. खरंच वाकलं नाही. फक्त ते ज्या बोल्टवर इंजिनाला लटकवलं होतं, तिथला अ‍ॅल्युमिनियमचा कान तडकला, आणि तो कान म्हणजे क्रँककेसचाच भाग. गाडी टेम्पोत घालून पुण्याला गेली. क्रँककेस बदलायची म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, त्याची बायको हे वाचते :-)

आणि टेम्पोमागे गाडी हाणत येताना, माझ्या पाठी बसलेला हा बाबा मला काय म्हणावा? "अरे, नशीब एवढं जाड गार्ड होतं. नाहीतर काय झालं असतं!"

तर आजचं भांडण ह्या वाक्याशी आहे.

अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली की आपल्याकडे पहिल्या आठवड्यात गार्ड लागतं. गाडी अजून सिंहगड रोडच्या पलीकडे गेलेली नसते, पण गार्ड, बॅश प्लेट, हँडगार्ड, रेडिएटरची जाळी, वर चार फॉगलॅम्प असा पंचवीस-तीस हजारांचा साज चढलेला असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचे पैसे, ज्याची हौस. पण हे घेताना जो एकमेव निकष लावला जातो, तो म्हणजे "किती मजबूत?" आणि हा निकष साफ चुकीचा आहे. गार्डचं काम न वाकणं हे नाहीच. गार्डचं काम आहे स्वतः मरून पाठीमागचं महागडं सामान वाचवणं. घरात फ्यूज उडतो तेव्हा आपण त्याला "कच्चा निघाला" म्हणतो का? गाडीच्या बाबतीत आपण नेमका उडणार नाही असा फ्यूज मागतो, आणि वर त्याचे जास्त पैसे देतो.

थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. गाडी दोनशे किलोची. आडवी होताना तिचा गुरुत्वमध्य समजा 30 सेंटीमीटर खाली आला, तर साधारण 600 जूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची आहे. ती गार्ड 5 सेंटीमीटर वाकण्यात जिरली, तर सरासरी बल भरतं 12,000 न्यूटन, म्हणजे सव्वा टन वजनाएवढं. तीच ऊर्जा 1 सेंटीमीटरमध्ये जिरवायची म्हटली तर पाचपट, सहा टनांच्या घरात! प्रत्यक्षात हँडलबार, फूटपेग, खालची माती सगळे आपापला वाटा उचलतात, त्यामुळे खरे आकडे बरेच खाली येतील. पण गुणोत्तर बदलत नाही. जे गार्ड वाकत नाही ते बल खात नाही, ते पुढे ढकलतं. आणि पुढे कोण असतं? माउंटिंग बोल्ट, इंजिनाचे कान, फ्रेम.

आमच्या धंद्यात ह्याचा एक सख्खा भाऊ आहे. कोणीतरी हुशार माणूस कोडमध्ये असा कॅच ब्लॉक लिहून ठेवतो की जो प्रत्येक एक्सेप्शन गिळून टाकतो. वरून सगळं हिरवंगार. आणि तीन आठवड्यांनी शुक्रवारी संध्याकाळी डेटाबेसमध्ये कुजकट वास येतो. असो. ह्या विषयावर घसरलो तर गार्ड राहून जाईल.

पूर्वीच्या बुलेटला फ्रेमच्या नळीवर क्लॅम्प मारून लेग गार्ड बसायचं, आणि ते एका अर्थाने माफक पाप होतं, कारण खाली लोखंडी फ्रेम होती. आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन हाच चेसीचा भार वाहणारा भाग असतो. हिमालयन 450 किंवा 390 अ‍ॅडव्हेंचर घ्या. तिथे गार्ड बसवायला सोयीची जागा म्हणजे इंजिन माउंटिंगचे बोल्ट. लोकल गार्डवाला काय करतो? मूळ बोल्ट काढतो, त्याजागी लांब बोल्ट घालतो, मध्ये स्पेसर सारतो, आणि गार्ड त्या एका टोकावर लटकवतो. आता मूळ बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो. 8.8 म्हणजे साधारण 800 मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या 80 टक्क्यांना कायमचा ताणला जाणारा. नव्या बोल्टचं डोकं बघा. कोरं असेल, तर तुमचं इंजिन ज्याच्यावर टांगलंय त्या वस्तूची जातकुळी कोणालाच माहीत नाही. शिवाय स्पेसर जितका लांब, तितका बोल्ट फटक्यात वाकायला मोकळा. गार्डचं बाहेरचं टोक इंजिनापासून वीतभर लांब, म्हणजे तरफ झाली. वाटेल तेवढा जाड पाइप घ्या, तरफ आणखी चांगली काम करते!

म्हणून दुकानात गेल्यावर पाइपाची जाडी विचारू नका. विचारा, किती ठिकाणी बसतं? प्रत्येक बाजूला निदान दोन, शक्यतो तीन जागा हव्यात. डावं आणि उजवं गार्ड एकमेकांना आडव्या नळीने जोडलेलं असावं, म्हणजे एका बाजूचा मार दोन्हीकडे वाटला जातो. ब्रॅकेट गार्डच्या नळीपेक्षा आधी वाकेल असं आहे का, आणि ते सुटं मिळतं का? बसवताना इंजिनखाली जॅक, एका वेळी एकच बोल्ट काढायचा, आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचा. साधा 8.8 चा एम-8 बोल्ट स्टीलमध्ये साधारण 25 न्यूटन-मीटरला भागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांमध्ये त्याहून कमी. आपला मेकॅनिक लांब पाना घेऊन "कचकचीत" करतो तेव्हा तो आटे खात असतो. निळं थ्रेडलॉक, आणि पाचशे किलोमीटरनंतर परत तपासणी. एवढंच.

हँडगार्डचंही तसंच. नुसत्या प्लास्टिकचा, एकाच टोकाला धरलेला, तो वाऱ्या-पावसासाठी. आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेला, दोन टोकांना धरलेला, तो लिव्हर वाचवतो. आणि फुकटातली युक्ती अशी: क्लच लिव्हरचा क्लॅम्प जीव काढून आवळू नका. हाताने जोर लावला तर हँडलवर फिरेल इतपतच ठेवा. पडल्यावर तो फिरतो, तुटत नाही. डर्ट बाइकवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत. पुन्हा तेच, जे हलतं ते वाचतं.

"पण गार्डने पाय वाचतो ना?" हा पुढचा प्रश्न, आणि इथे मी खरा चिडतो. कारण ह्या भरवशावर लोक ऑफिसचे स्नीकर्स घालून ताम्हिणीत जातात. अमेरिकेत हॅरी हर्ट ह्यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, अहवाल आला 1981 मध्ये. त्यातला एक निष्कर्ष असा की क्रॅश बार हा दुखापत टाळण्याचा परिणामकारक उपाय नाही. घोटा-पाऊल जेवढं वाचतं, तेवढी मांडी, गुडघा आणि नडगीची दुखापत वाढते. रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या, काळ वेगळा, मान्य. आणि उभ्याने पडताना गार्डमुळे गाडी पूर्ण झोपत नाही, पायाला फट मिळते, हेही मी स्वतः अनुभवलंय. पण ती फट हा बोनस आहे, वॉरंटी नाही. वेगात धडकल्यावर गार्ड तुमच्या नडगीसमोरचा लोखंडी पाइप असतो.

तेव्हा तीस हजार असतील तर आधी आयएसआय शिक्क्याचं, आपल्या डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट. मग घोट्याच्या वर जाणारे, ईएन 13634 लिहिलेले बूट. मग गुडघ्याचे गार्ड. उरलेल्या पैशांत बॅश प्लेट आणि पातळ नळीचं, वाकणारं गार्ड आरामात बसतं. फॉगलॅम्प पुढच्या बोनसला. हे सांगितलं की लोक म्हणतात, "बूट गाडीवर दिसत नाहीत रे." हे उत्तर निदान प्रामाणिक तरी आहे.

मित्राची गाडी गेल्या आठवड्यात परत आली. नवी क्रँककेस, नवं गॅस्केट, इंजिन मस्त फिरतंय. फोनवर विचारलं, "आणि गार्ड?"

"तेच बसवलं परत. त्याला कुठे काय झालंय?"

उद्या सकाळी आठ वाजता जॅक आणि पाने घेऊन त्याच्याकडे जातोय. वहिनींनी पोहे कबूल केलेत.