ना-हरकत देण्याआधी हरकत घ्या



२०१४-१५ पासून आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांच्या एकामागून एक नगरपंचायती झाल्या. नगरपंचायत झाली की घंटागाडी येते, घंटागाडी आली की कचरा गोळा होतो आणि गोळा झालेला कचरा टाकायला जागा लागते. ही जागा मुख्याधिकाऱ्यांना शहरात कधी सापडत नाही. ती सापडते चार-सहा किलोमीटरवर, आपल्या गायरानात, सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेल्या बरड तुकड्यात, नाहीतर नाल्याकाठच्या जुन्या खदानीत. मग ग्रामपंचायतीला अर्ध्या पानाचे पत्र येते: घनकचरा प्रकल्पासाठी ना-हरकत दाखला द्यावा. सरपंचाला वाटते, प्रकल्प म्हणजे गावच्या चार पोरांना काम. सही होते, शिक्का बसतो. पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू होतात, आणि प्रकल्प बघायला गेलेल्या माणसाला तिथे कुंपणसुद्धा दिसत नाही.

शरद जोशींनी 'इंडिया' आणि 'भारत' अशी मांडणी केली तेव्हा प्रश्न शेतीमालाच्या भावाचा होता. भारताचा माल इंडियात स्वस्तात कसा जातो, याचा तो हिशेब होता. आता त्याच गाडीची परतीची खेप आपल्या बांधावर रिकामी होते आहे. जाताना ज्वारी, कापूस, भाजीपाला, दूध. येताना पिशव्या, डायपर, बॅटरीचे सेल आणि दवाखान्यातल्या सुया.

याला उकिरडा म्हणू नका. उकिरडा आपला आहे. वर्षभर शेण, कडब्याची चिपाडे, राख टाकून आपण तो कुजवतो आणि वैशाखात गाडी भरून शेतात नेतो. शहराच्या ढिगातून शेताकडे काही येत असेल तर ते ढिगातून पाझरणारे काळे पाणी.

कचरा कुठेतरी जायलाच हवा, हे साहेब लोकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण कसा जायला हवा, हेही याच सरकारने लिहून ठेवले आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली देशात पहिले घनकचऱ्याचे नियम आले. भरावाच्या शास्त्रशुद्ध जागा तयार करायला नगरपालिकांना ३१ डिसेंबर २००२ ही मुदत दिली होती. मुदत गेली. २०१६ साली नवे नियम आले, त्यात पुन्हा मुदती पडल्या, त्याही गेल्या. आता २०२६ चे नियम आले आहेत आणि घरातच कचऱ्याचे चार भाग करायला सांगताहेत. शेतकऱ्याची कर्जाची मुदत एक दिवस टळली तर बँकेची नोटीस येते. नगरपालिकेच्या मुदतीला मात्र थकबाकी नाही, जप्ती नाही, लिलाव नाही.

नियम वाईट आहेत असे नाही. उलट २००० आणि २०१६ च्या नियमांतली मापे वाचली तर ती लिहिणाऱ्याला जमिनीची समज होती हे कळते. ढिगाच्या तळाशी ९० सेंटीमीटर चिकणमाती कुटून बसवायची. तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला एका सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त असता कामा नये. वर्षाच्या हिशेबात हे झाले तीन सेंटीमीटरच्या आसपास. त्या मातीवर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा. आपल्या शेततळ्यात ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचे कापड असते. हा पडदा त्याच्या तिप्पट जाड. शेततळ्याचे कापड मुरमाच्या एका टोकदार खड्याने किंवा उंदराने फाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून पडद्याखाली माती, आणि वर साचलेले काळे पाणी बाहेर काढायला नळ्या. हे सगळे पहिली ट्रॉली येण्याआधी करायचे असते. ढीग घातल्यावर खाली पडदा अंथरता येत नाही.

इथे एक युक्तिवाद फार ऐकू येतो, आणि तो शिकलेली माणसे करतात. म्हणे, तुमच्याकडे काळी चिकण जमीन आहे, पाणी मुरतच नाही, निसर्गानेच तळ बांधून दिला आहे, वेगळा खर्च कशाला? हे बोलणाऱ्याने मे महिन्यात कपाशीचे रान पाहिलेले नसते. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कधी मीटरभर खोल. मृगाचा पहिला मोठा पाऊस या भेगांतून सरळ खाली उतरतो. माती फुगून भेगा मिटेपर्यंत बरेच पाणी मुरमापर्यंत पोहोचलेले असते. रब्बी ज्वारी ज्या ओलाव्यावर येते, तो असाच खोल साठतो. ज्या गुणावर आपली कोरडवाहू शेती उभी आहे, तोच गुण कचऱ्याच्या ढिगाखाली घातक ठरतो. काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली भेगाळलेला काळा पाषाण, आणि त्याच भेगांचे पाणी आपल्या विहिरीत. नियमात 'चिकणमाती' लिहिली आहे ती कुटलेली, ओल धरून दाबलेली, तपासलेली. रानातली उघडी काळी नव्हे.

आता पाण्याचा हिशेब करा. एक हेक्टरचा उघडा ढीग आणि ७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे त्या ढिगावर ७० लाख लिटर पाणी पडले. त्यातले पाऊण वाहून गेले, वाळून गेले असे धरा. उरलेला पाव हिस्सा साडेसतरा लाख लिटर. दहा हजार लिटरचे १७५ टँकर, कचऱ्यातून गाळून, दरवर्षी. पाऊण वाहून गेले ते कुठे गेले, तेही सोडून देऊ नका. ते नाल्यात गेले.

पाणीपातळीचाही असाच घोळ. नियमाने सांगितले होते की मातीच्या थराच्या तळापासून भूजल निदान दोन मीटर खाली हवे, आणि हे मोजायचे भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीवरून. विहिरीची सर्वांत वरची पातळी पावसाळा सरताना असते हे शेंबड्या पोराला कळते. सल्लागार कंपनीचा माणूस मात्र उन्हाळ्यात येतो, आटलेल्या विहिरीत दोर सोडतो आणि पाणी पन्नास फुटांवर असे लिहून नेतो. सप्टेंबर-ऑक्टोबरचे माप नसलेला कोणताही अहवाल ग्रामसभेने वाचूनसुद्धा घेऊ नये. अंतराचेही तसेच. २०१६ च्या नियमांत नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्ती, हमरस्ता आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर असे आकडे होते. पाणीपुरवठ्याची विहीर म्हणजे फक्त नळयोजनेची की एक पाळी ओलिताची आपली विहीरसुद्धा, यावर वाद घालायला जागा उरते. ती जागा ठरावातच बुजवा: शेतातली प्रत्येक विहीर, बोअर धरून.

रोजच्या कामाचे नियम याहून सोपे आहेत आणि तेच सर्वांत जास्त मोडले जातात. टाकलेला कचरा रोज निदान १० सेंटीमीटर माती किंवा मुरमाने झाकायचा. पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटीमीटरचा जाड थर द्यायचा. भोवती कुंपण, फाटकावर राखण, वजनकाटा. भरावात जायचा तो फक्त न कुजणारा, न जळणारा, पुन्हा कामाला न येणारा कचरा. पंचवीस हजार वस्तीच्या गावात माणशी पाव किलो धरला तरी रोजचा सव्वासहा टन कचरा होतो. त्यातला निम्म्याच्या आसपास ओला. तो शहरातच वेगळा काढून कुजवला तर बांधावर येणारा ढीग निम्मा होतो, काळे पाणी कमी होते, कुत्री कमी होतात. पण ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. ओला कचरा जड असतो. वेगळा करायची त्याला काय गरज?

झाकण न घातल्याची किंमत कोण भरतो? दिवाळीनंतर वेचणी चालू असते आणि वाऱ्याने पिशव्यांचे तुकडे उघडलेल्या बोंडांवर अडकतात. वेचणाऱ्या बाईने ते हाताने काढायचे, राहिले तर जिनिंगवाला बोट दाखवून भाव तोडणार. ढिगाला आग लागली की धूर शेजारच्या गंजीवर, कडब्यावर. जनावरे पिशव्या खातात आणि पोट फुगून मरतात; हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

पुण्याजवळ फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी हे तीन दशकांहून जास्त भोगले. त्यांच्या विहिरी खराब झाल्या आणि पाण्यासाठी टँकर पाहत बसायची वेळ आली. तिथे महानगरपालिका होती, पैसा होता, न्यायालये जवळ होती, वर्तमानपत्रे होती. आपल्या नगरपंचायतीकडे यातले काय आहे?

म्हणून विहिरीची तपासणी ही पहिली अट. पहिल्या ट्रॉलीच्या आधी, गावकऱ्यांसमोर नमुने घेऊन, ढिगाच्या उताराकडच्या सर्व विहिरींची, उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी तीनदा. क्षारता म्हणजे ईसी, क्लोराइड आणि अमोनिया, एवढे तरी हवेच. क्लोराइड मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर पळते, म्हणून धोक्याची खबर बहुधा तेच आधी देते. नुसत्या नायट्रेटवर विसंबू नका. ते वाढले की अधिकारी म्हणेल, हा तुमचा युरिया. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतरचा आकडा न्यायालयात एकाकी पडतो. राष्ट्रीय हरित लवादाकडे नुकसानभरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

जनसुनावणीबद्दल थोडे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने सामायिक घनकचरा प्रकल्प पूर्वपरवानगीच्या यादीत घातले आणि जनसुनावणीची पद्धत घालून दिली: निदान ३० दिवसांची सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, सगळ्याचे चित्रीकरण, शेवटी इतिवृत्ताचे वाचन. पण त्यातच लिहिले आहे की सुनावणीला गणसंख्येची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली. ऐन पेरणीत तारीख ठेवली की चारच येतात. तेव्हा औत सोडून या, आणि बोलाल ते लेखी देऊन पोच घ्या. आपला प्रकल्प लहान म्हणून यादीत बसत नाही असे सांगितले, तर तेच उत्तर लेखी मागा. दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली परवानगी आणि तिच्या अटी मागता येतात.

आपल्यातल्या काही तरुणांचे म्हणणे वेगळे आहे: कसले नियम आणि कसल्या अटी, गाड्या अडवा. गाड्या अडवायला माझा विरोध नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादजवळच्या नारेगाव-मांडकीच्या लोकांनी अडवल्या, कित्येक वर्षे सोसल्यावर अडवल्या, आणि बरोबर केले. शहर कचऱ्याने भरले, उच्च न्यायालयाने नारेगावला कचरा टाकायला बंदी केली. पण पुढे काय झाले? त्याच गाड्या दुसऱ्या गावांच्या वेशी शोधत फिरल्या. मार्चमध्ये मिटमिट्याला दगड आणि लाठ्या चालल्या. एका गावाने फाटक लावले आणि संकट शेजाऱ्याच्या दारात गेले. संघटनेने जिल्ह्याचा विचार करायचा आहे. एकही गाव कमी अटींवर दाखला देणार नाही, हे ठरले तरच मुख्याधिकाऱ्यांना स्वस्त गाव सापडणार नाही.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायद्याने सगळ्यांना गप्प करणारा नकार नव्हे, हे खरे. गायरानाबाबत मात्र आपली बाजू भक्कम आहे. गावाच्या सामायिक जमिनी अशा वाटल्या जाऊ नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात बजावले आहे. बाकी ठिकाणी अटींसह दिलेला दाखला हाच आपला दस्तऐवज. अटी मोडल्या तर दाखला रद्द, हे वाक्य त्याच कागदावर हवे. नियम २००० चे, २०१६ चे की २०२६ चे, हा वाद वकील घालोत. मापे आकड्यांसकट ठरावात लिहा. जागा बंद झाल्यावरही पंधरा वर्षे देखभाल करायची असे नियमाने सांगितले होते. पंधरा वर्षांत तीन निवडणुका होतात आणि ठेकेदार कितीतरी बदलतात. त्या खर्चाची रक्कम आधीच वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय सही नाही, अशी अट मी सुचवतो. नगराध्यक्ष म्हणतील पैसा नाही. पैसा नसेल तर ओला कचरा शहरातच कुजवा, त्याला पडदा लागत नाही.

या मेळाव्यात दुपारच्या सत्रात हा ठराव मांडला जाईल. ज्या गावांनी आधीच दाखला दिला आहे, त्यांनी त्या पत्राची आणि ग्रामसभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स घेऊन यावे. अनेक ठिकाणी सही सरपंचाची आहे पण ग्रामसभा झालेलीच नाही, असे ऐकतो. त्या गावांचे कागद आधी पाहू.